निळा रंग गेला, पण कुठे?

माझ्या हातातली ही पट्टी साधी काच वाटते, पण तिरकी धरली की हलकी रंगीत झाक दिसते. तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर आहे, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून पातळ. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो, तोच पदार्थ.

या थरावर साधारण ३८८ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि मागे ‘होल’ राहतं. होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतं. हे रॅडिकल रंगाचा रेणू तोडत जातात. काम पुरं झालं तर त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. आणि इलेक्ट्रॉन? तो पाण्यातल्या ऑक्सिजनने उचलायचा असतो.

हे मी परीक्षेत लिहिलं होतं. प्रयोगात मात्र विसरले. मिथिलीन ब्लूच्या पाण्यातून, आधीच्या प्रयोगाच्या सवयीने, नायट्रोजन सोडला. दिवा लावला, पाणी स्वच्छ झालं. सरांना फोनही केला! बाटली रात्रभर उघडी राहिली आणि सकाळी पाणी पुन्हा निळसर. ऑक्सिजन नव्हता, म्हणून इलेक्ट्रॉन रंगालाच मिळाले होते आणि त्याचं रंगहीन रूप झालं होतं. हवा लागताच ते परत निळं झालं. रंग तुटलाच नव्हता, लपला होता.

तेव्हापासून ‘९५ टक्के रंग गेला’ असा आलेख दिसला की मी विचारते: अंधारात काचेला किती रंग चिकटला? पट्टीशिवाय नुसत्या उजेडाने किती उडाला? आणि पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा मिळत नाही.

तिरुप्पूरच्या एका रंगाई कारखानदाराने मला विचारलं, “मॅडम, ही काच बसवली तर बाष्पीभवनाचा खर्च वाचेल ना?” प्रश्न रास्त होता. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून २०११च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले होते. प्रक्रिया केलेलं पाणीही बाहेर सोडायचं नाही, हा तिथला नियम आहे. पण सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवताना लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ घालतात. मीठ प्रकाशाने तुटत नाही. उलट त्यातले क्लोराइड आयन रॅडिकल खाऊन टाकतात. शिवाय उन्हात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के, आणि गडद सांडपाण्यात तो काचेपर्यंत पोचतच नाही.

मी त्यांना म्हटलं, “बाष्पीभवनाचं यंत्र राहू द्या. जैविक प्रक्रियेनंतर जी फिकी छटा उरते, तेवढं पाणी मला बादलीभर पाठवा.”

ती बादली प्रयोगशाळेत आली आहे. या वेळी त्यात हवा सोडते आहे.