ढालीवरील पेलिकन



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपणांपुढे चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय थोडा निराळा आहे. युरोपातील राजे, बिशप व नगरे यांच्या मानचिन्हांवर जे प्राणी असतात, ते पुष्कळदा सृष्टीत कोठेच सापडत नाहीत. बोहेमियाच्या सिंहास दोन शेपट्या, पवित्र रोमन साम्राज्याच्या गरुडास दोन मस्तके, तर व्हेनिसच्या सिंहास पंख! आपल्याकडेही किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ व गंडभेरुंड कोरलेले आढळतात. तेव्हा ही रीत आपणांस अगदीच परकी नव्हे.

त्यांपैकी एकाच पक्ष्याविषयी आम्ही बोलणार आहोत. तो पेलिकन, म्हणजे आपला झोळीवाला. खऱ्या पेलिकनची चोच लांब असून तिच्याखाली मासे धरण्याची कातड्याची झोळी असते. ढालीवर मात्र झोळी नाहीशी होते, चोच गरुडासारखी बाकदार होते, आणि त्या चोचीने आपली छाती फोडून तो पिल्लांस रक्त पाजीत असतो. बिशप रिचर्ड फॉक्स यांनी १५१७ साली ऑक्सफर्ड येथे 'कॉर्पस क्रिस्ती', म्हणजे ख्रिस्तशरीर, या नावाचे विद्यालय स्थापिले; त्याच्या मानचिन्हात हाच पक्षी आहे. पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन (१४८१-१४९५) याचेही हेच खासगी चिन्ह होते.

आमची शिकलेली मुले विचारतात, "हे खरे आहे काय?" त्यांस दटावून गप्प करू नये. खरे नाही, असेच सांगावे. पेलिकन पिल्लांस मासेच भरवितो. भरविताना चोच छातीशी दाबतो, त्यावरून ही कथा निघाली असावी. सेव्हिलचे संत इसिदोर (मृत्यू ६३६) यांनीही ती सांगताना, खरी असेल तर, अशी पुस्ती जोडली होती.

मग हे चिन्ह आपण टाकून द्यावे काय? मुळीच नाही. चित्रकाराने चोच वाकविली ती पक्ष्याची ओळख पटविण्याकरिता नव्हे, तर प्रभूचा आत्मबली डोळ्यांपुढे आणण्याकरिता. संत थॉमस अक्विनास यांच्या नावे चालत आलेल्या साक्रामेंतगीतात प्रभूस पेलिकन म्हटले आहे, तेही याच अर्थाने. पक्ष्याने रक्त दिले नाही. प्रभूने खरोखर दिले.

ज्या वाडवडिलांनी पोटास चिमटा घेऊन आपणांस श्रद्धेत वाढविले, त्यांचे स्मरण करीत आपणही आपल्या मुलांस सत्य व प्रेम ही दोन्ही द्यावी, हीच आमची प्रार्थना.