कुंडींतील जेरेनियम

तांबड्या फुलांचे झुबके मिरविणारें आणि पान चुरडतांच उग्र वास देणारें कुंडींतील झाड सर्वत्र ‘जेरेनियम’ म्हणून ओळखलें जातें. शास्त्राच्या दृष्टीनें हें नांव आतां बरोबर नाहीं. लिनियसनें १७५३ सालीं या वनस्पतींना जेरेनियमांत गणलें. १७८९ मध्यें लेरिटिये या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्यांना पेलार्गोनियम या निराळ्या प्रजातींत नेलें. ग्रीक भाषेंत ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच व ‘पेलार्गोस’ म्हणजे करकोचा. दोन्ही नांवें चोंचीसारख्या फळावरून पडलीं. माळ्याच्या तोंडचें जुनें नांव मात्र सुटलें नाहीं.

या झाडाचें माहेर दक्षिण आफ्रिका. मांसल खोडांत ओलावा सांठवून कोरड्या दिवसांत तग धरण्याची त्याची संवय आहे. म्हणूनच महाराष्ट्रांत त्याला तहानेपेक्षां पावसाळ्याचें भय अधिक.

कुंडी लहानच असावी. मुळें दाटलीं कीं फूल अधिक येतें. तळाच्या भोंकावर खापऱ्या ठेवून माती दोन भाग, कुजलेलें पानखत एक भाग व वाळू एक भाग असें मिश्रण भरावें. वरची माती बोटाला कोरडी लागल्याखेरीज पाणी घालूं नये. सकाळचें ऊन भरपूर द्यावें. सावलींत झाड उंच व किडकिडीत होतें. शेणखताचा मारा केल्यास पानें माजतात आणि फूल दुरावतें. कोवळे शेंडे खुडल्यानें झाड भरदार होतें व सुकलेले झुबके काढल्यानें नवे येतात.

मृग लागण्यापूर्वीं कुंड्या पडवींत घ्याव्या. ओल सांचली कीं बुरशीनें खोड बुडाशीं काळें पडतें. असें झाड वांचत नाहीं. परंतु वरच्या निरोगी फांद्या वांचवितां येतात. चार इंचांचें कलम पेऱ्याच्या किंचित् खालीं धारदार चाकूनें कापावें, खालचीं पानें काढावीं आणि जखम सुकण्यासाठीं एक दिवस सावलींत ठेवून तें ओलसर वाळूंत लावावें. त्यावर कांहीं झांकूं नये. तीन-चार आठवड्यांत मुळें धरतात. नित्याच्या लागवडीस आश्विन-कार्तिक हे महिने उत्तम.

बियांपासून आलेलें रोप आईच्या रंगाचें निघेलच असें नाहीं. कलम मात्र मूळ झाडाचेंच रूप घेऊन वाढतें. यास्तव जाणता माळी पावसाच्या तोंडावर आवडत्या झाडाचीं दोन-चार कलमें छपराखालीं लावून ठेवतो. झाड गेलें तरी त्याचा रंग घरांत राहतो.