तुटलेली धमनी आणि मुकुटबनचा रस्ता

हातापायाची मोठी धमनी तुटली की दोन संकटे एकदम ओढवतात: रक्त वाहून जाते आणि जखमेपुढचा अवयव उपाशी पडतो. जखमेवर नेमका दाब दिला तर रक्त बहुधा थांबते. अवयवाला मात्र साधारण सहा तासांचीच मुदत. धमनीच्या जखमांवरची ही परिषद वणीजवळच्या मुकुटबनला भरण्याचे कारण यातच आहे. चुनखडी, कोळसा आणि सिमेंटने गावाला रोजगार दिला, सोबत ट्रकही दिले. शस्त्रक्रियेचे टेबल मात्र वणीच्या पलीकडे, यवतमाळ, चंद्रपूर नाहीतर नागपूरला. म्हणून पहिला उपचार गावकऱ्याच्याच हाती. दाबाने भागले नाही तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा, सुतळी नव्हे, आणि आवळल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून जखमीसोबत द्यावी.

दुसऱ्या महायुद्धात धमनी बहुधा बांधूनच टाकत. डिबेकी व सिमियोन यांच्या १९४६च्या आढाव्यात अशा जवळपास निम्म्या जखमींचा अवयव गेल्याचे दिसले. शिवण्याची रीत अलेक्सी कॅरेल यांनी १९०२मध्येच दाखवली होती. रणांगणावर ती रुळली कोरियाच्या युद्धात.

शल्यविशारद आधी धमनीच्या दोन्ही टोकांवर ताबा घेतो, फोगार्टी कॅथेटरने गुठळी ओढून काढतो, ठेचलेल्या कडा छाटतो. टोके ताण न देता जुळली तर उत्तम. नाहीतर धड पायाची शीर काढून उलटी जोडतात, म्हणजे तिच्या झडपा रक्त अडवत नाहीत. हाडही मोडले असेल तर तात्पुरती नळी घालून रक्त चालू ठेवतात. रक्त परतल्यावर पोटरी फुगते. तेव्हा स्नायूंवरचे आवरण वेळीच लांबवर चिरावे लागते. यात संकोच केला तर उत्तम शिवणही वाया जाते.

शेजारच्या वणीत १८८०मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांचा धमनीशी काडीचाही संबंध नाही. तरी या पंचक्रोशीच्या व्यासपीठावर त्यांचे नाव यायलाच हवे. त्यांचा १९३०चा जंगल सत्याग्रह अनेकांच्या लक्षात आहे. याच गृहस्थांनी लोकमान्यांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले आणि त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवा’ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला, हे वणीतही फार थोड्यांना ठाऊक.

परिषदेच्या व्यवस्थेतील उणिवा उघड आहेत. खोल्या अपुऱ्या, काही पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरी. वीज गेली तर पडद्यावरची चित्रे जनरेटर सुरू होईपर्यंत थांबतील. स्वागत समिती त्याबद्दल क्षमाप्रार्थी आहे. मंडप, धान्य, पाण्याचे टँकर देणारे व्यापारी व शेतकरी, वर्ग मोकळे करून देणारी शाळा, पहाटेपासून चुलीपाशी राबणारे बचत गट आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे दाते यांची समिती ऋणी आहे. जेवणाच्या पंगती दोन पाळ्यांत बसतील.