ब्रेकमधील पाणी

वाहनाविषयी बोलताना आपण बहुधा त्याच्या धावण्याविषयी बोलतो. गाडी किती पळते, चढ कसा चढते, लिटरमागे किती किलोमीटर देते, याची चौकशी घेणारा करतो आणि त्याचा शेजारीही करतो. ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आज मी त्या थांबण्याविषयीच चार शब्द सांगणार आहे. आणि तेही जुन्या मोटारसायकलीच्या, द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या पुढच्या ब्रेकविषयी. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीने मिळाला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

असा ब्रेक काही आजचा नाही. १९६९ साली बाजारात आलेल्या होंडाच्या सीबी ७५० या गाडीने पुढच्या चाकावरील डिस्कब्रेक मोठ्या प्रमाणावर लोकांपुढे आणला. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या दारी तो यावयास आणखी तीस वर्षे लागली. १९९९ साली आलेली हीरो होंडा सीबीझेड, २००१ साली आलेली बजाज पल्सर, अशा गाड्यांनी तो आपल्या परिचयाचा केला. त्या पिढीच्या गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, शहरातून खेड्याकडे असा त्यांचा प्रवास झाला. इंजिनाची डागडुजी झाली, साखळ्या बदलल्या, टायर बदलले. पण ब्रेकच्या नळीतील द्रव कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षे तोच राहिला. माझी गाडी त्यांपैकीच एक.

डिसेंबरच्या आरंभी जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण असतो. त्यासाठी आम्ही उभयता बेळगावहून मोटारसायकलीने निघालो. जांबोटी मागे पडली, कणकुंबी मागे पडली आणि चोरला घाटाचा उतार लागला. पुढे एक मोठी गाडी रेंगाळत उतरत होती, त्यामुळे उजव्या हाताची बोटे सारखी लिव्हरवरच होती. केरीच्या दिशेने निम्मा घाट उतरलो असू, तोच ती लिव्हर एकाएकी मऊ लागू लागली. पुढच्या वळणावर तर ती थेट मुठीला येऊन टेकली आणि गाडीचा वेग मात्र तसाच राहिला. मागचा ब्रेक साधा ड्रमचा होता. तो दाबला, गिअर खाली आणले आणि डोंगराच्या बाजूला कशीबशी गाडी उभी केली. पत्नीने उतरून एवढेच विचारले, "अहो, पंधरा दिवसांपूर्वीच तुम्ही हा ब्रेक दुरुस्त केलात ना?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. डिस्कजवळ हात नेला तर धग लागत होती. चाक उचलून फिरवून पाहिले, तर ब्रेक न दाबताही ते जड फिरत होते. पण खरे नवल पुढेच होते. अर्ध्या तासाने लिव्हर दाबून पाहिली, तर ती पूर्वीसारखी घट्ट! जणू काही घडलेच नव्हते. त्या घट्टपणावर मी विश्वास ठेवला नाही, एवढेच त्या दिवशीचे माझे शहाणपण. पत्नीला बसमध्ये बसविले, पहिल्या गिअरमध्ये एकट्याने गाडी केरीपर्यंत उतरविली, तेथे ती ठेवली आणि मीही बसनेच पुढे गेलो. सणाहून परतल्यावर टेंपोतून गाडी बेळगावास आणली आणि आमच्या ओळखीच्या मिस्त्रींपुढे उभी केली.

मिस्त्रींनी हँडलवरील लहान टाकीचे झाकण उघडले आणि आत पाहून विचारले, "सर, हे ब्रेक ऑइल आहे की चहा?"

"कमी झाले की मी वरून घालीत होतो," मी म्हणालो.

"कुठलं?"

"घरी कपाटात बाटली होती. तीन-चार वर्षांपूर्वी आणलेली."

त्यांनी मान हलविली आणि पाना हाती घेतला. पुढचे दोन तास मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून जे शिकलो, ते आता सांगतो.

श्रोतेहो, या ब्रेकचे तत्त्व मी दरवर्षी वर्गात शिकवितो. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, हा पास्कालचा नियम. पास्काल १६६२ साली वारला आणि द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ १६६३ साली प्रसिद्ध झाला. समजा, हँडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधील दट्ट्या ३६ मिलिमीटर व्यासाचा. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट आणि जोरही नऊपट. परंतु हा लाभ फुकट मिळत नाही. खालचा दट्ट्या एक मिलिमीटर सरकावयाचा, तर वरचा नऊ मिलिमीटर सरकला पाहिजे. म्हणूनच ब्रेकच्या पट्ट्या, म्हणजे पॅड, डिस्कपासून केसभर अंतरावरच ठेवलेले असतात. आता या द्रवात हवेचा किंवा वाफेचा एखादा बुडबुडा शिरला तर काय होईल? द्रव दबत नाही, बुडबुडा दबतो. लिव्हरची सारी चाल त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्च होते आणि पॅडपर्यंत काहीच पोहोचत नाही.

माझ्या ब्रेकमध्ये वाफ आली कोठून? येथे 'ब्रेक ऑइल' हे नावच आपल्याला फसविते. ते खनिज तेल नव्हे. डॉट ३ किंवा डॉट ४ असे ज्या बाटलीवर लिहिलेले असते, तो द्रव हवेतील दमटपणा शोषून घेतो. रबरी नळीतून, टाकीच्या झाकणातून, वरचेवर उघडलेल्या बाटलीतून पाणी त्यात मुरत राहते. ताजा डॉट ४ द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे त्याचे प्रमाण आहे; त्यात शेकडा ३.७ पाणी मुरले, की तेच प्रमाण १५५ अंशांवर येते. घाटात माझा द्रव उकळला आणि वाफ झाली. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी झाले, म्हणून लिव्हर घट्ट झाली. जो ब्रेक सपाट रस्त्यावर निर्दोष वाटतो तोच उतारावर दगा देतो, त्याचे कारण हे.

परंतु तो इतका तापला का? याचे उत्तर मला अधिक लाजविणारे होते. पंधरा दिवसांपूर्वी दुरुस्तीच्या हौसेने मी कॅलिपर उघडला होता आणि दट्ट्यासकट त्याच्या रबरी कड्या पेट्रोलमध्ये स्वच्छ धुतल्या होत्या. मिस्त्रींनी त्यांतील एक कडी काढून नव्या कडीशेजारी ठेवली. माझी कडी फुगून बेढब झाली होती. ही कडी केवळ गळती थांबवीत नाही. ब्रेक दाबला की ती दट्ट्याबरोबर किंचित पिळली जाते आणि सोडला की मूळ आकारावर येताना दट्ट्यालाही किंचित मागे खेचते. फुगलेली कडी त्याला सोडीतच नाही. मग पॅड डिस्कला घासत राहतो आणि उष्णता साठत जाते. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल यांचा या रबराशी उभा दावा आहे. ते ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेकसाठी मिळणाऱ्या क्लीनरनेच पुसावे. नवी कडीही ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवूनच बसवावी.

मिस्त्रींच्या कामाचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा होता. प्रथम त्यांनी गाडीची टाकी व मडगार्ड ओल्या फडक्यांनी झाकले, कारण ब्रेक ऑइल रंग खाते; ते सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. अडकलेला दट्ट्या त्यांनी पक्कडीने ओढला नाही. नळी सोडविण्यापूर्वी लिव्हर दाबून द्रवाच्या जोरानेच तो हळूहळू बाहेर आणला. पक्कडीचा एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. कडीच्या खाचेतील पांढरा साका त्यांनी लाकडी काडीने खरवडला. मग मास्टर सिलिंडरच्या तळाशी असलेले सुईच्या अग्राएवढे छिद्र मला दाखविले. लिव्हर सोडल्यावर तापून फुगलेला द्रव या छिद्रातून टाकीत परततो. ते बुजले, तर हात सुटतो पण दाब सुटत नाही. माझे छिद्र निम्मे बुजलेले होते.

रबरी नळी बाहेरून धड दिसली तरी आतून फुगून वाट अडविते, म्हणून तीही बदलली. जोडांवरील तांब्याचे वॉशर नवे घातले. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मापून पाहता ती अद्याप पुरेशी होती. पॅड मात्र संपत आले होते. येथे माझी आणखी एक चूक उघडी पडली. पॅड झिजतात तसतसे दट्टे पुढे सरकतात आणि टाकीतील पातळी खाली जाते. ती खूणच असते. मी वरून द्रव घालून ती खूण पुसून टाकीत होतो.

शेवटी हवा काढण्याचे काम. मी लिव्हरशी आणि मिस्त्री चाकाशी, असे आम्ही बसलो. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील द्रवात बुडविले. "दाबा. धरून ठेवा," ते म्हणत, मग निपल किंचित उघडीत, बुडबुडे बाहेर येत, निपल बंद होई आणि त्यानंतरच "आता सोडा" अशी आज्ञा होई. एकदा मी आधीच सोडले, तेव्हा बाहेरची हवा पुन्हा आत गेली आणि आरंभापासून सारे करावे लागले. वर्गात सूचना देण्याची सवय असलेल्या माणसास सूचना पाळणे किती अवघड जाते, हे त्या दिवशी कळले. टाकी रिकामी होऊ न देता तासाभराने बुडबुडे थांबले आणि लिव्हर हाताला दगडासारखी लागली. तरीही त्यांनी मला घाटात जाऊ दिले नाही. नव्या पॅडांनी पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगाने, हलके हलके ब्रेक लावून ते डिस्कवर बसू द्यावेत, असे त्यांनी बजाविले.

घरी कोणते काम करावे आणि कोणते करू नये, असे कोणी विचारील. पाहणे प्रत्येकाने करावे. बहुतेक टाक्यांना लहानशी काच असते. तीतून द्रव फिकट दिसतो की तपकिरी, पातळी किती, हे दिसते. चाक उचलून ते मोकळे फिरते की नाही, हेही पाहता येते. दोन वर्षांनी द्रव बदलावा आणि तो सीलबंद बाटलीतलाच घ्यावा. उघडून राहिलेली बाटली फेकून द्यावी. तीत वाचणारे पैसे फार थोडे असतात. कॅलिपर उघडणे मात्र ज्याच्यापाशी योग्य हत्यारे, नव्या कड्या आणि शेजारी जाणता माणूस आहे, त्यानेच करावे. इंजिनाची दुरुस्ती चुकली तर गाडी सुरू होत नाही, माणूस घरीच राहतो. ब्रेकची दुरुस्ती चुकली तर गाडी सुरू होते, हाच त्यातील धोका.

आता पास्कालचा नियम शिकविताना मी ती फुगलेली रबरी कडी वर्गात नेतो. मुले ती हातोहात फिरवितात, हसतात, आणि "सर, ही कोणी बिघडविली?" असे विचारतात. मी खरे ते सांगतो. पत्नी मागे बसते तेव्हा अजून निघण्यापूर्वी विचारते, "काच पाहिलीत का?" ती पाहिल्याशिवाय आम्ही निघत नाही.