स्वभावाची पारख आणि दवाखान्यांतील बोलणें

जामखेड तालुक्यांतील खर्डा हें नांव घेतलें कीं आपणांस १७९५ सालची लढाई आठवते. निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे भिन्न प्रकृतींचे सरदार त्या वेळीं एकत्र आले. त्यांचें एकमेकांशीं कितपत पटत असे हें आपण जाणतांच; तरी नाना फडणविसांनीं त्यांना एका कामाला लावलें. भिन्न स्वभावांच्या माणसांकडून एक काम कसें करून घ्यावें, हा प्रश्न रणांगणावर जसा पडतो तसा दवाखान्यांतहि पडतो. आणि तेथें तर तो रोजचा आहे.

रात्रीं दोनचा सुमार आहे अशी कल्पना करा. परिचारिका डॉक्टरांना फोन करून सांगते, "कोपऱ्यांतल्या खाटेवरचे आजोबा कांहीं बरे दिसत नाहींत." डॉक्टर झोपेंतच विचारतात, "म्हणजे नेमकें काय?" ती बिचकते, "तसें विशेष नाहीं," म्हणते आणि फोन ठेवते. पहांटे आजोबांची नाडी लागेनाशी होते. मग डॉक्टर म्हणतात, हिला सांगतां येत नाहीं. ती म्हणते, ते ऐकून घेत नाहींत. दोघांचेंहि थोडें थोडें खरें असतें.

यावर उपाय म्हणून कित्येक इस्पितळांतून आतां नोकरवर्गाच्या स्वभावचाचण्या घेतात. युंग या मानसशास्त्रज्ञाचा मनुष्यांच्या प्रकारांवरील ग्रंथ १९२१ सालीं निघाला. त्याच्या आधारें इझाबेल मायर्स व तिची आई कॅथरीन ब्रिग्ज यांनीं सोळा गटांची प्रश्नावली रचली. मार्स्टन यानें १९२८ सालीं मांडलेल्या चार प्रकारांवरून दुसरी एक निघाली. वात, पित्त, कफ यांवरून प्रकृति ओळखणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटूं नये. चाचणीनंतर सर्वांनीं एकत्र बसून बोलावें, हा तिचा खरा उपयोग. एकाला आधीं निष्कर्ष हवा असतो, दुसऱ्याला सारें अथपासून सांगावेंसें वाटतें, हें उघड झालें म्हणजे तुटक प्रश्नाला राग समजण्याची चूक टळते.

पण कपाळावर शिक्का मारण्यास ही विद्या निरुपयोगी आहे. १९४८ सालीं फोरर नांवाच्या अध्यापकानें आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि निकाल म्हणून प्रत्येकाच्या हातीं तेंच एक वर्णन दिलें. तें आपल्याला किती लागू पडतें यास विद्यार्थ्यांनीं पांचांपैकीं सरासरी चारांहून अधिक गुण दिले! मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे प्रकाशकहि ती नोकर निवडण्यासाठीं वापरूं नये असें बजावतात. आणि मुख्य म्हणजे, आपली परिचारिका बिचकली ती स्वभावानें कीं हुद्द्यामुळें, हें कोणती प्रश्नावली सांगणार?

याचें उत्तर शोधायला खर्ड्याच्याच तालुक्यांत जावें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेडास ग्रामीण आरोग्याचें कार्य सुरू केलें. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या, जमलें नाहीं. त्या परक्या, बहुधा तरुण. गांवांतल्या बाया त्यांच्यापाशीं मन मोकळें करीनात. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील बाई निवडावी असें ठरलें. पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित. त्या दर आठवड्यास जामखेडास येत. निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र राहात, एकत्र जेवत आणि आपापल्या गांवची हकीकत सांगत. डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांचें पथक गांवीं गेलें म्हणजे कोणाच्या घरीं ताप आहे, कोणाचें बाळंतपण जवळ आलें आहे, हें त्यांना या बाईकडूनच ऐकावें लागे. जिचा शब्द ऐकला जातो तिला हळूहळू बोलतां येऊं लागतें, हें शिकविणाऱ्यांना तेथें कळलें. माझ्या मतें चाचणीच्या कागदापेक्षां ही आठवड्याची बैठक अधिक मोलाची होती.

मोठ्या इस्पितळांतहि आतां बोलण्याचा एक क्रम शिकवितात: आधीं रोग्याची सध्यांची स्थिति, मग पूर्ववृत्त, मग आपलें अनुमान, शेवटीं आपली सूचना. अबोल असो वा बडबडी, प्रत्येकीनें याच क्रमानें सांगावयाचें. यांत चौथी पायरी मला फार महत्त्वाची वाटते. "आपण आतांच येऊन पाहावें," असें कनिष्ठानें वरिष्ठास म्हणावें, हा तिथें उद्धटपणा मानला जात नाहीं. तो कामाचा भाग असतो.

जामखेडच्या त्या बायकांनीं पुढें देशोदेशींहून शिकायला आलेल्या डॉक्टरांनाहि धडे दिले.