कुणाला पाडलंस?



गेल्या महिन्यात एका रविवारी भाचीच्या कराटेच्या बेल्ट-परीक्षेला गेलो होतो. मंगल कार्यालयाचा हॉल, गुंडाळून भिंतीशी सारलेल्या सतरंज्या, पांढऱ्या कपड्यांतली साठेक मुलं. एकेकानं पुढं यायचं, हवेत गुद्दे मारायचे, लाथा झाडायच्या, मग ‘काता’ करून दाखवायचा. काता म्हणजे ठरावीक क्रमानं करायच्या हालचाली. साडेदहाला भाचीचं नाव पुकारलं. पांढरा पट्टा सुटला, पिवळा बांधला गेला. घरी येऊन तिनं तो अण्णांना दाखवला. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं तरुणपण कोल्हापुरात, तालमीत गेलेलं. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “कुणाला पाडलंस?”

“कुणालाच नाही. आमच्यात तसं नसतं.”

“मग दिला कशाबद्दल?”

अण्णांचा हिशेब लाल मातीतला. कुस्तीत इयत्ता नसतात. कोण कुठवर आला हे वस्तादाच्या डोळ्याला कळतं, आणि गावाला कळतं ते जत्रेच्या मैदानात. इनामावरून कुस्त्यांचे नंबर लागतात, आणि एक नंबरच्या कुस्तीला जो जोडला गेला, त्याच्या लायकीचा दाखला कुणी मागत नाही. आपल्याकडे युद्धकलेत ‘पट्टा’ हा शब्द जुनाच आहे, पण तो कमरेला बांधायचा नव्हे, हातानं फिरवायचा!

कमरेचा पट्टा जपानचा, आणि तिथंही तो फार जुना नाही. पूर्वी जपानी गुरू शिष्याला टप्प्याटप्प्यानं लेखी परवाने देई. शेवटचा ‘मेंक्यो काइदेन’, म्हणजे होती ती सगळी विद्या दिली. १८८२ साली जिगोरो कानो या तरुण शिक्षकानं तोक्योतल्या एइशोजी या मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, ज्यूदोची कोदोकान ही शाळा काढली. परवान्यांतली अंतरं फार लांब पडतात, मुलांना पुढची पायरी दिसली पाहिजे, असं या मास्तराला वाटलं असणार. ‘गो’ या बैठ्या खेळात खेळाडूंचे दर्जे आधीपासून होते. ती पद्धत त्यानं उचलली आणि १८८३ साली तोमिता आणि साइगो या दोन शिष्यांना पहिली ‘दान’ दिली. आपल्या क्लासांत तिला ‘फर्स्ट डॅन’ म्हणतात. जपानीत तिचं नाव ‘शोदान’. त्यातला ‘शो’ म्हणजे आरंभ आणि ‘दान’ म्हणजे पायरी. आपल्या दानधर्माशी या शब्दाचं काही नातं नाही, पण काही परीक्षा पाहिल्या की असावं असं वाटतं.

ओकिनावातून आलेल्या गिचिन फुनाकोशींनी हीच पद्धत कराटेत आणली आणि १९२४ साली पहिल्या दान दिल्या. दान मिळाली की काळा पट्टा. म्हणजे कराटेतले पहिले काळे पट्टे ज्यांनी वाटले, त्यांना स्वतःला तो परीक्षा घेऊन कुणी दिलेला नव्हता. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगपंचमी पसरली ती युरोपातून. १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये ज्यूदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशींचा त्यात मोठा हात. पांढरा पट्टा वापरून मळला की काळा होतो, ही क्लासात सांगतात ती गोष्ट ऐकायला छान आहे, इतकंच.

पण अण्णांना आवडेल असा एक प्रकार कोदोकानमध्ये आहे. १८८४पासून तिथं लाल-पांढरा सामना भरतो. दोन रांगा, कमी दर्जाचे आधी, वरचे मागं. जिंकला तो जागेवरच उभा राहतो. समोरच्या रांगेतला पुढचा त्याच्या अंगावर येतो. दम खायला फुरसत नाही. असे एकामागून एक गडी चितपट करत गेलं, तर तिथल्या तिथं बढती! मी हे सांगितल्यावर अण्णा सरसावून बसले. “ही कुस्तीच की रे.”

केंदोचं मात्र त्यांना पटलं नाही. केंदो म्हणजे बांबूच्या तलवारीची विद्या. तिथं आठव्या दानच्या परीक्षेला बसायलाच वय निदान ४६ लागतं आणि सातवी मिळून दहा वर्षं झालेली असावी लागतात. उतरतात दोन-दोन मिनिटांच्या लढतींसाठी. शंभरात एखादा पास होतो. परीक्षक वार मोजत नाहीत. माणूस उभा कसा राहिला, वार करण्याआधी समोरच्याला त्यानं कसं दाबलं, हे बघतात. पुष्कळ जण दरवर्षी येऊन, नापास होऊन परत जातात. आणि आठवी मिळालेल्याच्या कमरेला किंवा कपड्याला काही खूण नसते! “मग ओळखायचा कसा?” अण्णा म्हणाले. म्हटलं, एक नंबरच्या कुस्तीवाल्याला तुम्ही कसा ओळखायचात?

त्यांना मी केइको फुकुदांचीही गोष्ट सांगितली. कानोंना जुजुत्सू, म्हणजे ज्यूदोआधीची झटापटीची विद्या, शिकवणाऱ्या गुरूंची ही नात, जन्म १९१३चा. १९३५ साली कोदोकानच्या स्त्री-विभागात आल्या. स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यात तेव्हा मधोमध लांबच लांब पांढरी रेघ असे. लांबूनही कळावं की हा पट्टा बाईचा. १९५३ साली त्यांना पाचवी दान मिळाली, आणि स्त्रियांसाठी शिडी तिथंच संपत होती. त्या शिकवत राहिल्या, पुढं सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाल्या, त्यांच्या हाताखालचे पुरुष वर चढत गेले. सहावी मिळायला १९७२ साल उजाडलं. कोदोकाननं नववी दिली २००६ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी. दहावी मिळाली २०११ साली, पण ती अमेरिकेतल्या ज्यूदो संघटनेची. कोदोकानच्या दहाव्या दानच्या यादीत एकही स्त्री नाही. २०१३ साली त्या गेल्या. एकाच बाईचा दर्जा अमेरिकेत दहा आणि तोक्योत नऊ. याला काय म्हणावं? कराटेत तर संघटना इतक्या, की एकीचा काळा पट्टा दुसरीच्या दारात पुन्हा पांढरा होऊ शकतो.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरीच्या सरांना विचार, तो लाल-पांढरा सामना इथं घेता येतो का.”

पुढच्या परीक्षेची फी भरायला गेलो तेव्हा विचारलं. सर भला माणूस. कल्पना आवडली म्हणाले, पण हॉल बारापर्यंतच मिळतो. एक वाजता तिथं साखरपुडा असतो.