कोटीपोटातील बिऱ्हाडकरू

(तामलवाडी येथे पालकांसमोर केलेले भाषण)



उस्मानाबादी शेळीचे नाव आपल्याच जिल्ह्यावरून पडले. बाभळीचा पाला खाऊन ती दूध देते. तो पाला पचवते कोण? तिच्या कोटीपोटातील सूक्ष्म जीव! तेथील चमचाभर रसात ते अब्जावधी असतात. पण सारे एका जातीचे नव्हेत. कोणी कडब्याचे तंतू फोडतो, कोणी दाण्यातील पिष्ट. ज्याची विद्या त्याच्या जनुकांत.

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसीन हे द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात तो पाला भरपूर खाणाऱ्या गुरांचे केस झडत, गळ्याची ग्रंथी सुजे. हवाई बेटांतील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत! रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ताडले, की फरक पोटातील जीवांचा आहे. १९८३ साली ते जीव ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडले आणि ती गुरे पाला पचवू लागली. १९९२ मध्ये त्या जीवाला जोन्स यांच्याच नावावरून नाव मिळाले.

आता आपल्या दारातले. सुटलेली शेळी ज्वारीच्या राशीवर पडली, की पिष्ट खाणारे जीव एकाएकी माजतात, पोटात आम्ल वाढते, शेळी दगावते. आपण म्हणतो, दृष्ट लागली! म्हणून चारा बदलताना आठ-दहा दिवस घ्या. जुन्यात नवा थोडा थोडा मिसळा.

पालकहो, गरिबाची शेळी म्हणजे मुलांची वह्या-पुस्तके. ती वाचली, तर एक मूल शाळेत टिकते.